उजवं पान

त्या रविवारी दुपारी यामिनीने मोजलं तेव्हा पुस्तकात दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं होती. पहिली आठ गळून गेलेली, मुखपृष्ठही नव्हतं, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि ते लिहिलं कुणी, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नवव्या पानापासून दोनशे शहाण्णवाव्यापर्यंत दर पानावर एक छोटा उतारा. त्यांतली उजव्या हाताची पानं एकशे चव्वेचाळीस, आणि त्यांच्या समासात बारीक टोकाच्या पेन्सिलीने आईच्या हातच्या पाचशे एकसष्ट तारखा. डाव्या पानांवर एकही नाही.

सगळ्या पानांवर सारख्या वाटून गेल्या असत्या तर पानामागे चार आल्या असत्या. एकशे सदतिसाव्या पानावर एकशे एकोणसत्तर होत्या. तिथला समास कधीच भरला होता. आईने वहीच्या कागदाची एक पट्टी कापून डिंकाने पानाच्या कडेला चिकटवली होती, आणि ती पट्टीही आता निम्म्यावर आली होती.

मोजणं हे यामिनीचं पोटापाण्याचं काम. बी.एस्सी. झाल्यावर ती मानकोलीच्या एका गोदामात कापड तपासणीला लागली होती. ताग्यावर भिंग ठेवायचं, एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचं आणि कागदावर लिहायचं. धागा कमी भरला तर तागा परत. पण घरातली ही एक वस्तू तिने अकरा वर्षांत कधी भिंगाखाली धरली नव्हती.

पुस्तक आलं ते दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये. त्याच्या चार महिने आधी यामिनीचा धाकटा भाऊ मिहिर तापाने गेला होता. सहा वर्षांचा होता. आई, म्हणजे सुचेताबाई, बालवाडीत शिकवायची, तिने शाळा सोडली आणि जेवण जवळजवळ सोडलं. आत्याच्या आग्रहाने बाबा तिला गणेशपुरीला दर्शनाला घेऊन गेले. परत येताना एसटी स्टँडच्या बाकावर हे पुस्तक पडलेलं होतं. आईने ते उचललं, डोळे मिटले आणि उघडलं. उजव्या पानावर होतं: ‘जेव. तू जेवलीस म्हणून गेलेल्याच्या वाटचा घास कमी होत नाही.’

आई बाकावरून उठली आणि तिने समोरच्या टपरीवर दोन बटाटेवडे खाल्ले. बाबा ही गोष्ट सांगताना अजूनही वडे दोनच होते हे बजावून सांगायचे.

तो गुरुवार होता. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी आठला, अंघोळ झाली की आई देवापुढे बसायची, पुस्तक दोन्ही हातांत धरायची, डोळे मिटून उघडायची आणि उजवं पान वाचायची. मग समासात तारीख. पुढच्या गुरुवारपर्यंत तोच उतारा तिचा. भांडी घासताना, भाजी निवडताना तो तिच्या ओठांवर असायचा. वर्षभरात ती पुन्हा बालवाडीत जायला लागली.

“डावं पान का नाही वाचत गं?” यामिनीने लहानपणी विचारलं होतं.

“प्रसाद डाव्या हाताने घेतात का?” आई म्हणाली होती. विषय तिथेच संपला.

त्या रविवारच्या तीन महिने आधी, जानेवारीत, आईच्या छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासणी केली, सुई घालून नमुना काढला आणि सांगितलं की ऑपरेशन लवकर करा. आई हो म्हणाली. फक्त म्हणाली, “पुस्तक सांगू दे.”

आणि पुस्तक सांगत होतं: ‘थांब. घाईने उपटलेलं रोप हातात येतं, मूळ मातीतच राहतं. ज्याने तुला इथवर आणलं तो वेळ झाली की हाक मारील. तोवर दार उघडं ठेव आणि थांब.’ पान एकशे सदतीस. जानेवारीपासूनच्या तेरा गुरुवारांपैकी सहा वेळा हेच. मध्ये दुसरं काही आलं, तर ते ना हो म्हणणारं असायचं ना नाही. मग आई पुढच्या गुरुवारची वाट बघायची.

त्या रविवारी सकाळी काशी आली होती. काशी जवळच्या वडपे गावची. तिच्या शेतावर आता गोदाम उभं होतं, पण घरामागच्या तुकड्यात ती वाल, वांगी, माठ असं काहीबाही लावायची आणि भाजीची पाटी घेऊन आठवड्यातून दोनदा भिवंडीत यायची. आईशी तिचं वीस वर्षांचं बोलणं होतं.

“बाई, अजून गेल्या न्हाय?” तिने उंबऱ्यावर टेकत विचारलं.

“जाणार आहे गं. पुस्तकाने सांगितलं की.”

“पुस्तकाला गाठ झालीय का तुमाला?”

आई हसली. “तुझी जीभ, काशी.”

“जीभ हाय म्हनून बोलते. माझ्या जावंला आशीच व्हती. तीपन थांबली, नवऱ्याची सुट्टी बघत. आता तिचा फोटो हाय भितीला.” काशीने वालाच्या शेंगा सुपात ओतल्या. “तुमी पोरांना शिकीवलं. मी काय सांगू तुमाला?”

आई शेंगा निवडायला बसली. यामिनीने तिचा हात पाहिला. शेंग सोलताना डावा खांदा किंचित वर ओढला जात होता. जेवणं झाली, आई आडवी झाली, तेव्हा यामिनीने देव्हाऱ्यातून पुस्तक उचललं, खोलीचं दार लावलं आणि तारखा मोजल्या.

आकडे नुसते मोजून तिचं समाधान होत नसे. तारखा केव्हापासून दाटल्या ते तिने पाहिलं. दोन हजार सोळाच्या ऑगस्टपर्यंतच्या एकशे बावीस तारखा सगळ्या पुस्तकभर विखुरलेल्या, एकशे सदतिसाव्या पानावर त्यांतली फक्त एक. ऑगस्टनंतरच्या चारशे एकोणचाळीस तारखांपैकी त्या पानावर एकशे अडुसष्ट.

मग तिने स्वतः डोळे मिटले आणि पुस्तक शंभर वेळा उघडलं. दर वेळी पान वहीत लिहिलं. एकशे सदतीस: एक्केचाळीस वेळा.

तिने पुस्तक आडवं धरून पाठीकडून पाहिलं. चिकटवलेली बांधणी होती. एका जागी, बरोबर त्या पानापाशी, डिंकाला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

आणि तिला दोन हजार सोळाचा ऑगस्ट आठवला.

ती तेव्हा नववीत. वक्तृत्व स्पर्धा, विषय ‘संयम’. आईच्या पुस्तकात रोपाचा उतारा आहे हे तिला माहीत होतं, पण पुस्तक घराबाहेर न्यायची परवानगी नव्हती. तिने ते दप्तरात लपवून धामणकर नाक्याजवळच्या शफीकचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. आतल्या ओळी काळ्या येत होत्या, म्हणून काचेवर पुस्तक उलटं ठेवून तिने दोन्ही तळव्यांनी जोर दिला. कट् असा आवाज झाला.

“बेटा, इतना मत दबाओ,” चाचा म्हणाले होते. “जिल्द बोल जाएगी.” म्हणजे बांधणी उखडेल.

झेरॉक्स स्वच्छ आली. स्पर्धेत दुसरा नंबर आला. प्रशस्तिपत्र अजून कपाटात होतं.

पुस्तक मिटण्याआधी तिने पहिल्यांदाच डावं पान वाचलं, एकशे छत्तीस. ‘पायात काटा मोडला तर मुहूर्त पाहू नये. काटा जितका जुना, तितकी सुई खोल.’

संध्याकाळी बाबा गच्चीवर कपडे काढत होते. बाबा, म्हणजे हरीभाऊ, शाळेच्या कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. पलीकडच्या गल्लीतले कापडाचे लूम खडखडत होते, त्यामुळे बोलायचं तर जवळ जाऊन बोलावं लागायचं. यामिनीने सगळं सांगितलं. तारखा, शंभर वेळा, झेरॉक्स.

बाबा हातातला टॉवेल घडी करत राहिले. एकदा घडी झाली, तरी परत उलगडून केली.

“सांगू ना तिला?” यामिनीने विचारलं.

“सांग. पण तिला काय कळेल ते बघ. नुसतं झेरॉक्सचं नाही कळणार.” ते कठड्याला टेकले. “मिहिरनंतर माझ्याशी ती नीट बोलायची नाही, यामे. पुस्तकाशी बोलायची. ते खोटं म्हटलंस तर अकरा वर्षं मागे जाईल. तिथून मला तिला पुन्हा उठवता येणार नाही. तेव्हाही मला आलं नव्हतं.”

“मग थांबायचं?”

बाबांनी दोरीवरून पुढचा कपडा काढला.

त्या रात्रीत आणि दुसऱ्या दिवशी बसच्या प्रवासात तिने पुस्तकातली सगळी उजवी पानं वाचून काढली, आणि सोमवारी कामावरून परतताना ती पिशवीतून पुस्तक घेऊन शफीकचाचांच्या दुकानात शिरली. चाचांची दाढी पांढरी झाली होती, मशीन नवं होतं. तिने पान दोनशे अकरा उघडून काचेवर ठेवलं आणि अंगातला सगळा जोर लावला.

“बेटा, जिल्द—”

“मालूम है, चाचा.”

कट् झालं. तिने आणखी तीनदा दाबलं. झेरॉक्स किती काढू, असं चाचांनी विचारलं, तेव्हा नको म्हणाली. चाचा तिच्याकडे बघत राहिले.

पान दोनशे अकरा: ‘नाव काठाला लागली आहे. पाण्याला भिऊन काठावर बसणाऱ्याचे पाय कोरडे राहतात, एवढंच. सामान मोजू नकोस. बस.’

घरी तिने पुन्हा शंभर वेळा उघडलं. दोनशे अकरा: सेहेचाळीस. एकशे सदतीस: एकोणतीस.

त्या गुरुवारी एकशे सदतीस आलं. आईने पट्टीवर तारीख घातली. यामिनी स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभी होती. एकदा तरी दुपारी परत उघड, असं ती म्हणाली. आई म्हणाली, “देवाला दोनदा विचारायचं नसतं. त्याला वाटेल, पहिल्यांदा सांगितलेलं आपण ऐकलं नाही.”

पुढच्या गुरुवारी, चोवीस एप्रिलला, दोनशे अकरा आलं.

आईने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. मग वळून बाबांना म्हणाली, “अहो, त्या डॉक्टरांना फोन लावा.” आणि यामिनीकडे बघून, खरंच आनंदाने, “बघितलंस? मी म्हणत नव्हते? वेळ झाली की सांगतंच ते.” तिने पेन्सिल घेतली. त्या पानावर तिच्या हातच्या तीन जुन्या तारखा होत्या, खाली चौथी आली.

ऑपरेशन दोन मेला झालं. काखेतून चौदा गाठी काढल्या, त्यांतल्या नऊ बाधित निघाल्या. अहवाल वाचून डॉक्टर म्हणाले, “जानेवारीत आला असतात तर...” यामिनीने अहवालाची तारीख, गाठींची संख्या आणि आकार आपल्या वहीत उतरवून घेतला. जानेवारीच्या कागदावरचा आकार त्याच्या शेजारी लिहिला. वजाबाकी तिने केली नाही.

उन्हाळा आणि पावसाळा औषधांत गेला. आईचे केस गेले, चव गेली. दर गुरुवारी आठला पुस्तक मात्र उघडत राहिलं. बऱ्याचदा दोनशे अकराच येई, आणि सुरुवातीला त्याने तिला धीर दिला. सुई टोचायच्या आधी ती डोळे मिटून पुटपुटायची, “सामान मोजू नकोस. बस.” नर्स विचारायची, आजी काय म्हणताय? आई म्हणायची, “नावेत बसतेय.” नर्सला ते फार आवडायचं.

ऑक्टोबरमध्ये तपासणीत यकृतावर डाग दिसले. डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं. त्या गुरुवारी दोनशे अकरा आलं, आणि पुढच्या गुरुवारीही.

“बास आता औषध,” आई म्हणाली. “नाव लागली म्हणतंय ते. मलाच कळत नव्हतं कुठली नाव.”

शब्द तेच होते. यामिनी कामावर गेली, भिंगाखाली धागे मोजायला बसली. त्या दिवशी तिचे तीन तागे चुकले.

तिने सांगितलं ते तेरा नोव्हेंबरला, गुरुवारीच, दुपारी. गल्लीतली वीज गेली होती, लूम थांबले होते. घरात इतकं शांत होतं की आईचा श्वास ऐकू येत होता. आई खिडकीजवळच्या खाटेवर, उशीला टेकून. यामिनीने जमिनीवर बसून सुरुवातीपासून सांगितलं. दप्तर, झेरॉक्स, कट् झालेला आवाज, मग एप्रिल, मग पुन्हा दुकान. आकडेही सांगितले. आकड्यांशिवाय तिला सांगता आलं नसतं.

आईने खिडकीकडे तोंड केलं.

“म्हणजे थांब म्हणत होतीस ती तू.”

“हो.”

“आणि नाव लागली म्हणालीस तीही तू.”

यामिनीने मान हलवली, पण आई बघत नव्हती.

“शाळेत दुसरी आली होतीस त्या भाषणात,” आई म्हणाली. “मी पेढे वाटले होते.”

मग आईचा आवाज बदलला, भीती वाटल्यासारखा बारीक झाला. “आणि पहिलं पान? एसटी स्टँडवरचं? जेव म्हणालं ते?”

“ते माझं नाही, आई. तेव्हा पुस्तक कुठेच मोडलेलं नव्हतं. पहिल्या एकशे बावीस तारखा सगळीकडे सारख्या आहेत.”

“मोजलंस?”

“मोजलं. दोनदा.”

“मग ते माझं,” आई म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. थोड्या वेळाने तिने हात खाली सोडला. यामिनीने तो धरला. तिला वाटलं होतं आई हात काढून घेईल.

“डावं पान वाच म्हणून मागे लागायचीस लहानपणी. त्या ‘थांब’च्या डावीकडे काय आहे गं?”

“आठवत नाही,” यामिनी म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. शिक्षिकेचं पाहणं होतं ते. पण तिने परत विचारलं नाही.

संध्याकाळी पेज भरवताना आई म्हणाली, “त्या शफीकचं दुकान आहे ना अजून?”

“आहे.”

“मग मला अजून एक पान करून आण. मला कधीच आलं नाही असं. या दोन पानांचा आता कंटाळा आला बाई.” ती चक्क हसली. “कुठलं ते मला सांगू नको. तुला जे सांगायचंय ते काढ. पुढच्या गुरुवारी बघू.”

एकही तारीख नसलेली उजवी पानं सतरा निघाली. त्यांतली अकरा पहिल्या तीसेक पानांत होती, जिथे डोळे मिटलेला हात जातच नाही. यामिनी ती सतरा पानं रोज वाचायची. आधी तिने ती एप्रिलमध्ये वाचली होती तशीच वाचली, उपयोगाचं काय आहे ते शोधत. धैर्याचं एक होतं, शरणागतीचं एक होतं, मुक्तीवर तीन होती. प्रत्येक ठिकाणी आईने ते वाचल्यावर काय समजेल याचा हिशेब ती करायची आणि पान उलटायची. चौथ्या दिवशी मानकोलीच्या बसमध्ये, उभ्या उभ्या, ती सत्ताविसावं पान वाचत होती आणि हिशेब करायचा राहून गेला. तिने ते परत वाचलं. शेजारच्या बाईने तिला बसायला जागा दिली, रुमाल दिला, आणि काही विचारलं नाही.

‘आज काही ठरवू नकोस. ओसरीवर ऊन आलं आहे, तिथे बस. काय करतेस असं कुणी विचारलं, तर सांग, बसले आहे. तेवढं पुरे.’

बुधवारी संध्याकाळी ती दुकानात गेली. सुरुवातीचं पान, बांधणी तिथे घट्ट, नीट उलगडेना. शफीकचाचांनी मशीन बंद केलं आणि पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं.

“किसकी है ये किताब?”

“अम्मी की.”

“बीमार हैं?”

“हो,” ती मराठीतच म्हणाली.

चाचांनी पान सत्तावीस उघडून काउंटरवर ठेवलं, अंगठ्याने वरून खाली, वरून खाली, सावकाश दाबत गेले. आवाज झाला नाही. “अब खुलेगी,” ते म्हणाले.

घरी आली तेव्हा आई झोपली होती. यामिनीने पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं, पेन्सिलीला टोक करून शेजारी ठेवली.

वीस नोव्हेंबरला, गुरुवारी, सकाळी सव्वासहाला आई गेली. बाबा चहा टाकत होते. आठ वाजता घरात माणसं जमली होती आणि काशी, पाटी बाहेरच टाकून, आईचे पाय चोळत बसली होती. “गार न्हाय पडायचे,” ती सगळ्यांना सांगत होती. “मी चोळते ना. गार न्हाय पडायचे.”

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. बाबा ओट्यापाशी उभे राहून वालाच्या शेंगा सोलत होते. काशी देऊन गेली होती. यामिनीने देव्हाऱ्यातून पुस्तक घेतलं, वही घेतली, डोळे मिटले.

उघडलं: शंभर वेळा. पान दोनशे अकरा: अडतीस. पान एकशे सदतीस: चौतीस. पान सत्तावीस: सतरा. इतर: अकरा. पान सत्तावीसवर तारखा: शून्य.